गाडग्यातलं मागचं पाणी

छोटे, काल रात्री तू पाठवलेला व्हिडिओ तीनदा बघितला. मामांचा अंगठा तुझ्या अ‍ॅपमधल्या कापसाच्या पावत्यांच्या यादीवर वर सरकतो, यादी क्षणभर तशीच उभी राहते, मग एकदम चार-पाच पावत्या ओलांडून पुढे उडी मारते. मागून मामांचा आवाज येतो, "कायचं व हे, अडकून राह्यलं." आणि खाली तुझा मेसेज, "ताई, माझ्याच्यानं होत नाही. सोडून देते."

सोडू नकोस. आधी माझी एक फजिती ऐक, कुणाला सांगितलेली नाही. हैदराबादला पहिली नोकरी लागली तेव्हा एका घाऊक दुकानासाठी मालाची यादी दाखवणारं अ‍ॅप माझ्याकडे आलं. मी 20 वस्तूंवर, कंपनीनं दिलेल्या नव्याकोऱ्या फोनवर ते तपासलं. लोण्यासारखं चालत होतं. दुकानदारानं त्याच्या फोनवर सहा हजार वस्तू टाकल्या आणि सगळ्यांसमोर यादी अशी अडकली की त्यानं फोन टेबलावर ठेवून दिला. मी काय म्हणाले असेन? "सर, नेट स्लो आहे." नेटचा काहीएक संबंध नव्हता, सगळी यादी फोनमध्येच होती. चूक माझीच होती आणि खोटंही मीच बोलले. तू निदान रडून मला व्हिडिओ तरी पाठवलास.

आपल्याकडे आदिलाबादला ही गोष्ट किरकोळ नाही, हेही सांगते. 2025 च्या हंगामापासून सीसीआयला (भारतीय कापूस महामंडळाला) कापूस द्यायचा तर आधी 'कपास किसान' अ‍ॅपवर नाव नोंदवायचं, वेळ घ्यायची आणि मग गाडी भरायची. म्हणजे जैनद, बेला, भीमपूरकडच्या ज्या माणसानं आजवर फोन फक्त बोलायला वापरला, त्याचा कापूसही आता फोनमधून जातो. तो फोन कसला, तर दोन-तीन जीबी रॅमचा, काचेला तडा गेलेला, लग्नाच्या व्हिडिओंनी भरलेला. मामांचाही तोच. तू अ‍ॅप बनवलंस आपल्या फोनवर. ते वापरणार मामा, आणि उद्या त्यांच्याकडे कापूस घालणारी माणसं.

आता कोडबद्दल. तू पाठवलेलं सगळं वाचलं. दोन ठिकाणी हसू आलं (मी अगदी हेच केलं होतं म्हणून) आणि एका ठिकाणी पोटात गोळा आला. गोळ्याचं शेवटी नाही, मध्येच सांगणार आहे, कारण ते समजायला आधी थोडं वेगळं समजावं लागतं.

यादी सरकते म्हणजे खरं तर काही सरकत नाही. मामांच्या फोनची स्क्रीन सेकंदाला 60 वेळा नवं चित्र मागते. हजार मिलिसेकंदांना 60 नं भाग, 16.67 येतात. एवढ्या वेळात ओळ मोजायची, मांडायची, रंगवायची आणि स्क्रीनच्या हाती द्यायची. 20 मिलिसेकंद लागले तर थोडासा उशीर होतो असं समजू नकोस. ती फेरी चुकली की स्क्रीन मागचंच चित्र पुन्हा दाखवते, म्हणजे डोळ्याला तेच चित्र 33 मिलिसेकंद दिसतं. अशा चार-पाच फेऱ्या ओळीनं चुकल्या की मामा म्हणतात अडकलं. तुझ्या नव्या फोनची स्क्रीन 120 ची आहे, तिथे हातात 8.3 मिलिसेकंदच असतात, पण प्रोसेसर दांडगा म्हणून निभतं. 2012 मध्ये अँड्रॉइड 4.1 आलं तेव्हा गूगलनं ही चित्रांची लय सुधारायला मोठं काम केलं होतं आणि त्याला नाव दिलं होतं प्रोजेक्ट बटर. लोणी! तर ते लोणी त्यांनी आपल्याला दिलेलं आहे. त्यात खडे आपण टाकतो.

आता ओळी. चार हजार दोनशे पावत्या आहेत म्हणून फोन चार हजार दोनशे ओळी बनवत नाही, बनवू नयेत. आपल्या आजोबांच्या विहिरीवर मोट होती, तिचं उदाहरण इथे बसत नाही. रहाट मी पहिल्यांदा अलिबागकडे एका वाडीत पाहिला. चाकावरच्या माळेला मोजकी गाडगी. भरलेलं वर येतं, पन्हाळीत ओततं, रिकामं होऊन खाली जातं, पुन्हा भरून वर. विहिरीत पाणी कितीही असो, गाडगी तेवढीच. अँड्रॉइडमध्ये यादी दाखवणारा रीसायकलरव्ह्यू म्हणजे हा रहाट. पडद्यावर सात-आठ ओळी, नुकत्याच बाहेर गेलेल्या दोन जशाच्या तशा जवळ ठेवलेल्या, आणि प्रत्येक प्रकारच्या ओळीची जास्तीत जास्त पाच मोकळी गाडगी साठ्यात. आपण काही बदललं नाही तर एवढ्यावर तो चार हजार पावत्या ओढतो.

कल्पना जुनीच आहे. आयफोनच्या टेबलव्ह्यूत ती 2008 पासून आहे. अँड्रॉइडच्या लिस्टव्ह्यूतही गाडगं पुन्हा वापरायची सोय होती, पण ऐच्छिक, आणि ऐच्छिक म्हटल्यावर आपण काय करतो ते तुला माहीत आहे. 2014 च्या जूनमध्ये आपला जिल्हा आंध्र प्रदेशातून तेलंगणात गेला, त्याच महिन्यात गूगलनं रीसायकलरव्ह्यू दाखवला आणि ओळीचे भाग धरून ठेवणारा व्ह्यूहोल्डर सक्तीचा झाला. मी तेव्हा शाळेतच होते. पहिल्या बातमीवर घरात महिनाभर चर्चा चालली, दुसरी कळायला मला पुढे सहा वर्षं लागली.

मग तुझा रहाट का अडकला? कारण तू तो पिंपात ठेवलास. हे पहिलं हसू. 'आजचा भाव' आणि 'एकूण क्विंटल' हा वरचा भाग यादीबरोबर सरकावा म्हणून तू सगळं नेस्टेडस्क्रोलव्ह्यूमध्ये टाकलंस. आतल्या यादीला त्यामुळे असं सांगितलं जातं की बाई, तुला उंचीचं बंधन नाही, हवी तेवढी हो. ती इमानदारीनं चार हजार दोनशे ओळी उघडतानाच मांडते. रहाटाला माळ उरतच नाही, सगळी गाडगी एकदम विहिरीबाहेर. अ‍ॅप उघडायला नऊ सेकंद लागतात असं तू म्हणालीस ना? तिथेच. वरचा भाग यादीचीच पहिली ओळ कर, वेगळ्या प्रकारची. कॉनकॅटअडॅप्टर नेमका याचसाठी आहे. तुझी ती मैत्रीण फ्लटरमध्ये लिहिते, तिलाही सांग: श्रिंकरॅप ट्रू लिहिलं की चूक दिसेनाशी होते, जात नाही. अँड्रॉइडचं कंपोझ या बाबतीत मला आवडतं. सरकत्या कॉलमच्या आत लेझीकॉलम ठेवला की ते सरळ अ‍ॅप पाडतं. तोंडावर सांगणारं माणूस परवडतं.

आणि आता तो गोळा.

रहाटाचं गाडगं नीट ओतलं नाही तर तळाशी मागचं पाणी राहतं. ओळीत पावतीची माहिती भरणाऱ्या तुझ्या ऑनबाइंडमध्ये लिहिलंय की ओलावा 12 टक्क्यांच्या वर असेल तर लाल पट्टी दाखव. बस. नसेल तर काय करायचं ते लिहिलेलंच नाही. वरच्या एका शेतकऱ्याचा कापूस खरंच ओला होता, त्याची ओळ लाल झाली, ती ओळ पडद्याबाहेर गेली, आणि तेच गाडगं खालच्या दुसऱ्या शेतकऱ्याचं नाव घेऊन परत आलं. लाल पट्टीसकट. व्हिडिओ थांबवून बघ, अकराव्या सेकंदाला 9 टक्के ओलाव्याची पावती लाल आहे. कापसात 8 टक्क्यांपर्यंत पूर्ण भाव, 8 ते 12 मध्ये कपात, 12 च्या वर सीसीआय घेतच नाही, हे तुला मी काय सांगू, तू त्या अंगणात वाढलीस. मामांनी ती लाल पट्टी बघून एखाद्याला परत पाठवलं असतं तर? अडकणारी यादी माणसाला चिडवते. ही यादी एखाद्याची गाडी रिकाम्या हाती घरी धाडेल, आणि कुणालाच कळणार नाही की चूक फोनची होती.

म्हणून ऑनबाइंडमध्ये प्रत्येक गोष्टीच्या दोन्ही बाजू लिही. लाल असेल तर दाखव, नसेल तर लपव. फोटो असेल तर लाव, नसेल तर जुना काढ. 'पैसे दिले' ची खूण ओळीत ठेवू नकोस, पावतीच्या माहितीत ठेव, ओळ फक्त तिथून वाचून दाखवेल. ओळ ही उसनी वस्तू आहे, तिच्याजवळ आपलं काही ठेवायला द्यायचं नसतं. बाकी सगळं उद्या कर, हे आज कर.

फोटोंवर ये. दुसरं हसू. काटापावतीचा फोटो तू जसा काढला तसाच ओळीत लावलास. फाइल तीन-चार एमबीची दिसते म्हणून वाटतं काय होतं एवढ्यानं. पण दाखवायला फोन ती फाइल उलगडतो. 4000 गुणिले 3000 म्हणजे एक कोटी 20 लाख ठिपके, प्रत्येक ठिपक्याला चार बाइट, झाले 48 एमबी. एका फोटोचे! पडद्यावर आठ ओळी म्हणजे 384 एमबी, आणि दोन जीबीच्या फोनवर. ओळीतला चौकोन आहे 200 गुणिले 200 चा. तेवढाच फोटो उलगडला तर एक लाख 60 हजार बाइट लागतात. म्हणजे तू एक फोटो ठेवतेस त्या जागेत 300 मावले असते. जागा भरली की फोन जुनं काढायला थांबतो आणि नेमकं अंगठा चालू असतानाच थांबतो.

ग्लाइड किंवा कॉइल वापर, हातानं फोटो उलगडायच्या भानगडीत पडू नकोस. फक्त चौकोनाची रुंदी-उंची ठरवून दे. तू ती आशयाप्रमाणे होईल अशी सोडली आहेस, तशी सोडली की बिचाऱ्या ग्लाइडला नेमकं माप कळत नाही आणि तो अख्ख्या स्क्रीनच्या मापानं विचार करतो. मी तर म्हणेन फोटो काढला त्याच क्षणी छोटी प्रत करून साठव. मोठा फोटो पावती उघडल्यावर. आणखी एक फायदा: यादी वेगानं सरकली की या लायब्ररी निघून गेलेल्या ओळीची मागणी स्वतःच रद्द करतात, नाहीतर उशिरा आलेला फोटो भलत्याच शेतकऱ्याच्या नावाशेजारी बसतो. पुन्हा मागचंच पाणी.

ऑनबाइंडमध्ये तू आणखी काय काय करतेस? तारीख लिहिण्यासाठी दर ओळीला नवा फॉरमॅटर. रक्कम लाख-हजारात तोडणं. डेटाबेसमधून त्या शेतकऱ्याची मागची बाकी. अगं, पंगतीत वाढायला उभं राहून कुणी पीठ मळतं का? हे सगळं पावत्या आणतानाच, मागच्या थ्रेडवर, तयार करून ठेव. '5 नोव्हेंबर' आणि '1,12,350 रुपये' अशी तयार अक्षरंच ओळीला दे. मागची बाकी तर मूळ क्वेरीतच जोडून घे. ऑनबाइंडनं फक्त वाढायचं.

आणि चार हजार पावत्या एकदम आणायच्याच कशाला? 30 आण, खाली जाईल तशा पुढच्या. पेजिंग लायब्ररी आहेच. पण हातानं लिहिणार असशील तर 'पहिल्या तीन हजार सोडून पुढच्या 30' असं मागू नकोस. एसक्यूलाइटला त्या तीन हजार ओलांडूनच यावं लागतं, खाली जावं तसं जड होतं. 'या पावती क्रमांकाच्या आधीच्या 30' असं माग. क्रमांकावर इंडेक्स असतो, तो थेट तिथे उतरतो.

नवी पावती आली की तू नोटिफायडेटासेटचेंज्ड म्हणतेस. म्हणजे एक पाहुणा आला म्हणून अख्खी पंगत उठवून पुन्हा बसवणं. लिस्टअडॅप्टर घे, त्याच्यात डिफयुटिल असतं, ते मागच्या थ्रेडवर जुनी-नवी यादी ताडून नेमका फरक सांगतं. त्याला दोन प्रश्नांची उत्तरं द्यायची असतात: ही तीच पावती का, आणि तिच्यात काही बदललं का. पहिल्याचं उत्तर तू शेतकऱ्याच्या नावावरून दिलंस. बाई, आपल्या एका गावात एकाच नावाचे पाच जण सापडतात आणि त्यातले तीन चुलतभाऊ असतात! पावती क्रमांकावरून दे. कंपोझमधली 'की' असो, फ्लॅटलिस्टमधला कीएक्स्ट्रॅक्टर असो, हेच.

एका गोष्टीवर मात्र तू उगाच जीव टाकला आहेस. नावं तेलुगू आणि मराठी दोन्ही लिपीत दाखवते म्हणून यादी जड झाली असेल, तेलुगू काढू का, असं विचारलंस. अजिबात काढू नकोस. जोडाक्षरं, वेलांट्या, तेलुगूचे खाली लटकणारे वत्तु मांडायला फोनला इंग्रजीपेक्षा जास्त कष्ट पडतात हे खरं. ते काम हार्फबझ नावाची लायब्ररी करते. पण दोन लहान शब्दांसाठी हे कष्ट चिमूटभर आहेत, आणि एकदा मांडलेला शब्द अँड्रॉइड लक्षातही ठेवतो. लांबलचक परिच्छेद असते तर अँड्रॉइड 9 पासूनचं प्रीकंप्यूटेडटेक्स्ट वापरून मांडणी आधी करून ठेवली असती. इथे गरज नाही. फॉन्ट मात्र दर ओळीला फाइलमधून उघडू नकोस, एकदाच उघडून धर. नारनूर मंडळातल्या गुंजाळ्याची गोंडी लिपी 2018 मध्ये युनिकोडमध्ये गेली, तिचा नोटो फॉन्टही आहे. मामांकडे उटनूर-इंद्रवेल्लीकडून येणाऱ्या माणसांचं नाव उद्या त्या लिपीतही दाखवावंसं तुला वाटलं तर मला फार आवडेल. वेगासाठी भाषा कापायची नसते, 48 एमबीचे फोटो कापायचे असतात.

ओळीच्या मांडणीत डब्यात डबा, डब्यात डबा असं सहा पातळ्या खोल गेली आहेस, तेही सपाट कर. सावल्या आणि गोल कोपरे कमी कर. हे दिसायला सोपं म्हणून सगळे लेख इथून सुरू करतात, पण तुझ्या बाबतीत हे चिल्लर आहे.

मोजल्याशिवाय मात्र काही बदलू नकोस. मामांच्या फोनमध्ये डेव्हलपर ऑप्शन्स उघड, तिथे रेंडरिंगच्या पट्ट्या पडद्यावर दाखवायची सोय आहे. हिरवी आडवी रेघ म्हणजे 16 मिलिसेकंद. पट्टी तिच्यावर गेली की ती फेरी हुकली. लॉगकॅटमध्ये कोरिओग्राफर फ्रेम गळल्याची तक्रार करतो, पण त्याच्या गप्प बसण्यावर जाऊ नकोस. 30 फ्रेम गळल्याशिवाय तो तोंड उघडत नाही, म्हणजे 60 च्या स्क्रीनवर अर्धा सेकंद. मामा त्याच्या कितीतरी आधी बोलतात. आणि डीबग बिल्डवर मोजून रडत बसू नकोस. कंपोझ, फ्लटर दोन्ही डीबगमध्ये मुळातच हळू चालतात. रिलीज बिल्ड कर, मग बघ. एका वेळी एकच गोष्ट बदल, पुन्हा मोज, वहीत लिही. दहा गोष्टी एकदम बदलल्यास तर कशानं फरक पडला ते तुलाही कळणार नाही आणि मलाही सांगता येणार नाही.

कॉलेजात तुला कुणी म्हणालं म्हणे, आदिलाबादला बसून असलं काम जमत नाही, त्याला हैदराबाद लागतं. हैदराबादला माझ्या टेबलावर सहा महागडे फोन आहेत, आणि त्यातल्या एकावरही तुझी यादी अडकली नसती. ती अडकलेली दिसायला मामांचा फोन लागला, धुळीनं भरलेला अंगठा लागला आणि बाजारात सकाळी आठला उभ्या राहिलेल्या गाड्या लागल्या. ते तुझ्याकडे आहे.

क्रम सांगते. आज लाल पट्टी. मग यादी पिंपाबाहेर काढ. मग फोटो. या तिन्हीनंतर मला नवा व्हिडिओ पाठव, बाकीचं त्यानंतर बघू, कदाचित लागणारही नाही. आणि मामांना सांग, जुन्या अ‍ॅपमधल्या लाल पट्टीवर विश्वास ठेवून कुणाला परत पाठवू नका, पावतीवरचा आकडा वाचा. हे फोन करून नको, समोर जाऊन सांग.

केसलापूरला नागोबाच्या जत्रेला मी येतेय. मामांचा फोन चार्ज करून ठेव, सगळ्या पावत्या असू देत, त्यातलं एकही नाव कमी करू नकोस. अंगठा मी फिरवणार आहे.